गादी हलवली का?

मागच्या महिन्यात अमरावतीला एका लग्नाला जाणं झालं. जेवणाच्या पंगतीत (आता पंगत कुठली म्हणा, हातात ताट घेऊन उभं राहायचं!) माझा पुतण्या एका हाताने ताट सावरत, दुसऱ्या हाताने मोबाईल कानाला लावून मोठमोठ्याने विचारत होता, "गादी हलवली का? अरे मंग हलव ना लेका! कोपरे सोडू नको. भिंतीजवळचं बी काढ." शेजारी आमच्या पुण्याच्या विहीणबाई उभ्या. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. नंतर हळूच विचारलं, "यांचा फर्निचरचा व्यवसाय आहे का हो?"

मी हसलो, "नाही, कोंबड्यांचा," म्हणालो आणि विषय तिथेच संपवला. पण त्या "गादी हलवली का"ने मला दोन रात्री झोप आली नाही. ब्लॉगवर बरेच दिवसांत काही लिहिलं नव्हतं. म्हटलं, आता लिहूनच टाकावं. ज्यांना कोंबड्यांत रस नाही त्यांनी थोडा धीर धरावा, कारण गोष्ट कोंबड्यांचीच आहे आणि तेवढीच नाहीही.

तर मंडळी, आधी गादी म्हणजे काय ते सांगतो. ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडमध्ये जमिनीवर धानाचं तूस नाहीतर लाकडाचा भुसा दोन-तीन इंच जाड पसरतात. ही गादी. आपल्या वऱ्हाडात धान कुठलं? आपण कपाशी, तूर, सोयाबीनवाले. तूस येतं तिकडून, भंडारा-गोंदियाकडून, ट्रक भरून. एका दिवसाची पिल्लं याच गादीवर उतरतात, तिथेच खातात, पितात, हगतात, आणि चाळीस-बेचाळीस दिवसांनी दोन किलोची होऊन गाडीत चढतात. मधल्या दिवसांत ही गादी रोज दाताळ्याने खालीवर करायची असते, म्हणजे ती कोरडी आणि भुसभुशीत राहते. मूठभर हातात घेऊन दाबायची. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर गादी ओली, हळूहळू सुटला तर ठीक. हे मी आता सांगतो आहे. तेव्हा मला काही माहीत नव्हतं. १९७२ साली मराठी माध्यमातून बी. ए. झालेला माणूस मी. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाचा तास शेजारच्या वर्गात चालायचा, एवढाच माझा विज्ञानाशी संबंध.

पुतण्याने २०१८ मध्ये कर्ज काढून शेड बांधलं. पाच हजार पक्ष्यांचं. कंपनीशी करार: पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, जागा, पाणी, वीज आणि मेहनत आपली. किलोमागे संगोपनाचे पैसे मिळतात, पण मरतूक किती झाली आणि एक किलो वजनाला किती खाद्य लागलं यावर ते कमी-जास्त होतात. सोयाबीनच्या भावाला कंटाळलेल्या पोराने सोयाबीनचीच पेंड खाणाऱ्या कोंबड्या पाळाव्यात, याची मला गंमत वाटायची. आमच्या सौ. माळकरी. शेडवरून आलो की आंघोळ केल्याशिवाय मला उंबरा ओलांडू देत नसत. (अजूनही देत नाहीत.)

शेडवर एक जोडपं राहायचं, मेळघाटातलं, कोरकू. धारणी-चिखलदऱ्याकडून कामासाठी सपाटीवर येणारी अशी माणसं आपल्याकडे खूप. तो अबोल, बायको थोडी बोलकी. दोघं पहाटे उठून शेड झाडायचे, भांडी धुवायचे, गादी हलवायचे. पहिले तीन लॉट बरे गेले. हप्ता निघाला, थोडं शिल्लकही पडलं.

२०१९ चा पाऊस आठवतो का? आधी रुसला, जुलै संपता संपता लागला आणि मग थांबेचना. चौथ्या लॉटची पिल्लं सतरा दिवसांची होती आणि यवतमाळला सूनबाईचे दिवस भरले. पुतण्या निघाला. जाताना म्हणाला, "मोठेबाबा, पाच दिवस सांभाळून घ्या. माणसं हायेतच. तुमी नुसतं लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. तीच तर चूक झाली.

पाऊस आत येऊ नये म्हणून शेडचे पडदे पाडलेले होते. आत दमट, आणि मुताऱ्यांजवळ येतो तसा डोळ्यांना झोंबणारा वास. पहिल्याच सकाळी गडी दाताळं घेऊन उभा. "गुर्जी, गादी हलवू का?" मी पाहिलं तर जरा खालीवर केलं की वास आणखी भपकन् वर यायचा, पिल्लं कोपऱ्यात पळून एकमेकांवर चढायची. मला वाटलं, गुदमरतील बिचारी. म्हणालो, "राहू दे. पाऊस थांबला की हलवू." तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्याने पाण्याची भांडी दाखवली. टांगलेली गोल भांडी असतात ती. पक्षी वाढतात तशी ती वर घ्यायची, कड पाठीच्या रेषेत राहील अशी, म्हणजे पाणी सांडत नाही. तो वर घ्यायला लागला तर मी म्हटलं, "अरे लहान आहेत, पोचणार नाहीत, तहानलेली राहतील." पोचत होती हो. दिसत होतं. पण शाळेतली सवय. एकदा तोंडातून गेलं की फळ्यावर लिहिल्यासारखं. आणि तो काही मला उलट बोलणारा नव्हता. गुरुजी म्हणाले ना, संपलं.

पुतण्या बाविसाव्या दिवशी संध्याकाळी पेढे घेऊन आला. मुलगी झाली होती. तेविसाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये गादीवर जागोजागी रक्त. लालभडक, तांबूस, चॉकलेटी. पिल्लं पंख पाडून, मान आत घेऊन, डोळे मिटून उभी. अकरा मेलेली. दुपारपर्यंत तीस.

"मोठेबाबा, काय झालं हो हे?" एवढंच तो म्हणाला.

माझाच एक जुना विद्यार्थी नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून शिकून डॉक्टर झालेला. तो आला. मेलेला एक पक्षी त्याने शेडबाहेर दगडावर ठेवून उघडला. मी मागे सरकणार तर म्हणाला, "सर, बघा तर खरं." कोंबडीला मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला दोन बंद तोंडाच्या पिशव्या असतात, आंधळी आतडी म्हणतात त्यांना. ती दोन्ही बोटासारखी फुगलेली, आणि कापल्यावर आत रक्ताच्या गाठी. "रक्ती हगवण," तो म्हणाला. "कॉक्सिडिओसिस."

मग ओसरीवर चहा घेताना त्याने मला जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सगळं काढून दाखवलं. माझ्या वर्गात हा मुलगा कधी हात वर करत नसे. हा रोग जंतूचा नाही, विषाणूचाही नाही. आयमेरिया नावाचा एकपेशीय परजीवी. कोंबडीत त्याच्या सात जाती मानतात, आणि प्रत्येक जातीने आतड्याचा आपापला भाग वाटून घेतलेला, भाऊहिस्से पडावेत तसा. आंधळ्या आतड्यात राहणारी ती टेनेला. एका जातीतून पक्षी बरा झाला तर त्याच जातीपुरती प्रतिकारशक्ती येते, दुसरी जात यायला मोकळी. विष्ठेतून या परजीवीचं कवचातलं बी बाहेर पडतं. ऊसिस्ट म्हणतात. आणि इथे त्याने पेन थांबवलं. "सर, ताजं पडलेलं बी काही करत नाही. त्याला ओल पाहिजे, ऊब पाहिजे, हवा पाहिजे. ओल्या गादीत एक-दोन दिवस मिळाले की ते पिकतं. आत चार कोष, प्रत्येकात दोन, म्हणजे आठ होतात. मग दुसऱ्या पक्ष्याने ते टिपलं की आतड्याच्या पेशीत शिरून वाढत जातात, हजारांनी. पाच-सहा दिवसांत रक्त दिसतं."

मी बोटांवर मागे मोजायला लागलो. तेवीसमधून पाच-सहा गेले. त्यातून आणखी एक गेला. सोळा-सतरा. पुतण्या बसला तो दिवस. चार दिवस मी न हलवलेली गादी, सांडलेलं पाणी. पहिलं बी माझ्या आधी पडलं असेल, मोकळं मान्य. पिकवलं मी.

तिथे बोलायला हवं होतं. नाही बोललो.

पुतण्या गड्यावर घसरला. "गादी काहून नाही हलवली? दोन वर्षं झाले सांगून राह्यलो! भांडे काहून वर नाही घेतले?" तो खाली पाहत उभा होता. एकदाच त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी सांगेन असं वाटून पाहिलं असावं. मी कपात चहा ओतत होतो. दुसऱ्या दिवशी हिशेब करून दोघं गेली. नांदगावच्या स्टँडवर अमरावतीची एस.टी. धरली, तिथून परतवाड्याची. बायकोच्या डोक्यावर पत्र्याची पेटी होती. मी स्टँडवर नव्हतो, मला हे नंतर पानटपरीवाल्याने सांगितलं.

डॉक्टरने पाण्यातून द्यायला अॅम्प्रोलियम दिलं होतं. आता माझं दुसरं शहाणपण ऐका. अपराध्याला सेवा सुचते तशी मलाही सुचली. पक्षी अशक्त दिसतात म्हणून मी दुकानातून बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक आणलं आणि त्याच पाण्यात ओतलं. दोन दिवस. डॉक्टरचा फोन आला, मी कौतुकाने सांगितलं. पलीकडे शांतता. मग म्हणाला, "सर, हे औषध म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचा तोतया आहे. परजीवी फसतो, तोतयालाच घेतो आणि खऱ्यावाचून मरतो. पक्ष्यापेक्षा त्याला ते फार जास्त बाधतं. तुम्ही त्याला खरं आणून दिलं." इतिहासाच्या मास्तराला तोतयाचं उदाहरण द्यायला तो विसरला नाही. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया मीच त्यांना रंगवून शिकवला होता! टॉनिक मी कबूल केलं, बरं का. ते कबूल करायला सोपं होतं. त्यात कुणाची नोकरी गेली नव्हती.

एकूण चारशे बारा पक्षी मेले. खड्डा खणून, चुना टाकून पुरले. पण खरा फटका तो नव्हता, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं. तिसाव्या दिवशी शेड पाहिलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सगळं छान! रक्त थांबलं, पक्षी खात आहेत. खात होतेच. अंगी लागत नव्हतं. आतड्याचं अस्तर सोललेलं, खाल्लेलं तसंच खाली. वर्गात अशी मुलं असतात, हजेरी पूर्ण, वही नीट, आणि परीक्षेत कोरा पेपर. चव्वेचाळिसाव्या दिवशी सरासरी वजन भरलं एक किलो सहाशे. किलोमागे खाद्य गेलं दोन किलोच्या वर, जिथे दीड-पावणेदोन किलोत भागायला हवं. पंचावन्न-साठ हजार हातात यायचे तिथे अकरा हजार आले. त्या महिन्याचा बँकेचा हप्ता मी माझ्या पेन्शनमधून भरला. पुतण्याला वाटलं, मोठेबाबा किती मोठ्या मनाचे.

डॉक्टर म्हणतो, आयमेरियाच्या काही जाती तर रक्तही दाखवत नाहीत. नुसतं वजन चोरतात. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारकडे नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आला तेव्हा महिनाभर पेपरात दुसरी बातमी नव्हती. रक्ती हगवणीची बातमी कधी वाचली आहे का तुम्ही? माणसाला होत नाही, मांस खाल्ल्याने काही होत नाही, मग बातमी कशाची! आणि २०२० मध्ये इंग्लंडच्या संशोधकांनी हिशेब मांडला तो जगभरात वर्षाला सुमारे १० अब्ज पौंडांचा, २०१६ च्या किमतीने. मरतूक, घटलेलं वजन आणि औषधं धरून.

माझ्यातला इतिहासाचा मास्तर गप्प बसेना म्हणून मी नातवाकडून इंटरनेटवर शोधून घेतलं. असल्या परजीवीचं बी माणसाने पहिल्यांदा पाहिलं ते हॉलंडच्या लेवेनहूकने, सशाच्या पित्तात, स्वतः घासलेल्या भिंगातून. साल १६७४. म्हणजे इकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी! वर्गात असतो तर पाच मिनिटं याच्यावर घालवली असती. औषध सापडायला पुढे अडीचशेहून जास्त वर्षं गेली. १९३९ मध्ये अमेरिकेत लेव्हाइन यांनी सल्फा चालतं हे दाखवलं, मग १९६० च्या सुमारास आपलं तोतया औषध आलं, आणि १९७१ पासून खाद्यातच मिसळायचं मोनेन्सिन. आमच्या कंपनीच्या खाद्यातही असलं औषध आधीच घातलेलं होतं. तरी रोग आला, कारण ओल्या गादीत बी इतकं साठतं की खाद्यातलं औषध पुरं पडत नाही. शिवाय एकच औषध वर्षानुवर्षं घातलं की परजीवी त्याला सरावतो, म्हणून ते बदलत राहावं लागतं. लसही आहे, अगदी पहिल्या दिवशी पिल्लांवर फवारायची. पण ती अंड्यांच्या आणि पैदाशीच्या, जास्त जगणाऱ्या कोंबड्यांना जास्त करून देतात. चाळीस दिवसांच्या पाहुण्याला खाद्यातलंच औषध.

(एक सूचना, कुणाच्या उपयोगी पडेल. आमच्या गावातल्या नवरदेवाच्या घोडीवाल्याने एकदा उरलेलं कोंबडीखाद्य मागितलं होतं. डॉक्टरने वेळीच अडवलं. त्यातलं मोनेन्सिन घोड्याला प्राणघातक असतं. थोडंसुद्धा.)

शेड रिकामं झाल्यावर मी फिनाईलचा डबा घेऊन निघालो होतो. डॉक्टर म्हणाला, ठेवा तो. या बियाचं कवच असं की फिनाईल, फॉर्मलीन त्याला आंघोळीच्या पाण्यासारखं. त्याला मारतं ते कोरडं ऊन, आग आणि अमोनिया. मग पुतण्याने सगळी गादी खरवडून बाहेर काढली, एका संत्राबागवाल्याला खत म्हणून विकली, जमीन धुऊन वाळवली, फ्लेम गनने इंच इंच भाजली, चुना मारला, पंधरा दिवस शेड मोकळं ठेवलं. आता पाण्याची निप्पलची लाईन टाकली आहे, सांडत नाही. पावसाळ्यातही पडदे वरून वीतभर उघडे असतात, वारा खेळायला. आणि रोज, लग्नात असो की मयतीत, फोनवर एकच प्रश्न.

त्या लॉटनंतर सहा महिन्यांत कोरोनाची अफवा आली. चिकन खाल्ल्याने होतो म्हणे! २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव असे कोसळले की कंपनीने पिल्लं टाकणंच बंद केलं. शेड कितीतरी महिने रिकामं. तेव्हा मी मनाशी म्हणायचो, ती दोघं असती तरी याही वेळी जावंच लागलं असतं. पाच वर्षं मी या वाक्यावर झोपलो आहे. खरं असेलही. पण ती कोरोनामुळे गेली नव्हती.

अमरावतीहून परतताना गाडीत आम्ही दोघंच होतो. सौ. विहीणबाईंकडे थांबल्या होत्या. बडनेरा मागे पडलं आणि मी सांगायला सुरुवात केली. दाताळं, वास, पाण्याची भांडी, चहाचा कप. एवढं सरळ मी वर्गातसुद्धा कधी बोललो नसेन. तो गाडी चालवत राहिला. बऱ्याच वेळाने विचारलं, "भांडे बी तुमीच वर घेऊ देले नाही?"

"हो."

पुढे नांदगाव येईपर्यंत शब्द नाही. मला वाटलं, आता हा मला शेडवर येऊ देणार नाही, आणि ते बरोबरच होईल. घरासमोर गाडी थांबवली, दार उघडून मला हात दिला (गुडघे आता ऐकत नाहीत) आणि म्हणाला, "मी त्याले लय बोललो होतो मोठेबाबा. त्याच्या बायकोसमोर." मग थोडं थांबून, "त्याचा नंबर आता लागत नाही. पण त्याचा साळा चांदूर बाजारकडं वीटभट्टीवर हाये. तो सांगन."

तर रविवारी आम्ही दोघं जातो आहोत. साळा भेटला तर पुढे मेळघाटात, जिथे असतील तिथे. काय बोलायचं ते मी तीनदा लिहून काढलं आणि तीनदा फाडलं. सौ. म्हणतात, तिच्यासाठी एक लुगडं घ्या. पुतण्या म्हणतो, आधी मागच्या हिशेबात कापलेले पैसे द्यायचे आहेत, लुगडं नंतर. मला हे कापलेले पैसे माहीतच नव्हते.